कमगो सर मुऱ्हाळी निघाले

पिंपळनेरच्या बाजारात आजही कुणाला विचारा, मोतीलाल भामरे कुठे राहतात, तर समोरचा डोकं खाजवत बसेल. ‘कमगो सर’ म्हणा, लगेच बोट करून घर दाखवेल. वर हेही सांगेल, की घराला कुलूप आहे, सर आता धुळ्याला असतात, मुलाकडे, जितूकडे. गावानं ठेवलेलं नाव असंच असतं. बारशाचं नाव त्याच्यापुढे पाणी भरतं.

हे नाव पडलं त्याला सर स्वतःच जबाबदार. हायस्कुलात ते इंग्रजी शिकवायचे. गावातली पोरं यायची, आजूबाजूच्या खेड्यांतली यायची, पश्चिमेच्या डोंगरातल्या पाड्यांवरचीही यायची. इंग्रजीचा तास म्हटला की अर्धा वर्ग मागचे बाक धरायचा. सरांची रीत अशी, की इंग्रजी शब्द एकटा शिकवायचाच नाही, त्याचा भाऊबंद सोबत घ्यायचा. ‘से’ आला की ‘टेल’ आला, ‘सी’ आला की ‘लुक’ आला. ही सगळी भावंडं पोरांनी कशीबशी गळ्याखाली उतरवली. घोडं अडलं ते ‘कम’ आणि ‘गो’ या दोघांत, आणि तेही कुठे, तर शाळेच्या दारात.

आपल्याकडे निघताना ‘जातो’ कोणी म्हणतं का? माणूस मुंबईला निघालेला असो, नाहीतर नुसता कोपऱ्यावर दळण टाकायला, तो ‘येतो’ म्हणतो. पोरं तरी दुसरं काय म्हणणार? तास संपला की दारात उभं राहून म्हणायची, “सर, आय कम.” आणि चालू लागायची. सर मागून ओरडायचे, “अरे, चाललास ना तू? मग गो म्हण!” पोरगं गोंधळून बघत राहायचं. गुरुजींच्या तोंडावर ‘जातो’ म्हणायचं म्हणजे काय हो?

मग सर सगळा वर्ग बाहेर पटांगणात काढायचे. एकाला लांब निंबाखाली उभं करायचे आणि बाकीच्यांना विचारायचे, “मी याला ‘कम’ म्हटलं तर हा कुठे येईल?”

“तुमच्याकडे, सर.”

“आणि ‘गो’ म्हटलं तर?”

यावर एकमत व्हायचं नाही. कुणी म्हणे घरी जाईल, कुणी म्हणे नदीवर. सर हात झटकायचे. “कुठेही जाऊ दे, मला काय त्याचं! ‘गो’ला नुसता रस्ता पुरतो रे. ‘कम’ला त्या टोकाला माणूस लागतो.”

एवढ्यावर भागायचं नाही. एखादं चौकस पोरगं विचारायचंच, सर, उद्या तुम्ही माझ्या घरी निघालात, तर तुम्ही तुमच्या जागेवरून जाणारच की, मग ‘गो’ का नाही? या प्रश्नावर सरांचा चेहरा असा उजळायचा, जसा काही पोरगा त्यांच्याच घरचा. “नाही! आय विल कम टू युवर हाउस. कारण तिथे तू आहेस, माझी वाट बघतोयस. आता समज, मी आलो आणि तू गावाला गेलेला, दाराला हे एवढं कुलूप. मग घरी परतल्यावर मी बायकोला काय सांगेन? आय वेंट देअर. गेलो होतो बाई, कोणी नव्हतं. कुलपाकडे कोणी ‘कम’ करत नसतं.” मग एसटीचा दाखला यायचा. धुळे-पिंपळनेर गाडी धुळ्याच्या माणसाला जाते आणि पिंपळनेरच्या माणसाला येते. गाडीला त्याचं सोयरसुतक नसतं. तुम्ही कोणत्या स्टँडवर उभे आहात ते सांगा, मग शब्द सांगतो.

इतकं करूनही सुटीची घंटा झाली की दारात पुन्हा “सर, आय कम!” तेव्हापासून ते कमगो सर.

घरी तर याहून बिकट. ओट्यावर सकाळी शिकवणी चालायची आणि सरांची आई भिकुबाई दाराआड मिसरी लावत ऐकत बसायची. त्या घरात तिचा एक कायदा होता. उंबरठ्यावर कोणी चुकून ‘जास’, म्हणजे जातो, असं म्हटलं, की त्याला माघारी बोलवायचं, पाटावर बसवायचं, गुळाचा खडा आणि घोटभर पाणी द्यायचं, आणि ‘येस’, म्हणजे येतो, असं म्हणवून नव्यानं बाहेर पाठवायचं. आपला पोटचा मुलगा लोकांच्या पोरांना ‘आय गो’ म्हणायला शिकवतो हे तिला कळलं, तेव्हा ती मिसरीचं बोट तसंच घेऊन ओट्यावर आली.

“पोरेसले जास म्हनाले शिकाडस? मास्तर शे का यमना दूत शे रे तू?”

सरांनी तिला इंग्रजीची बाजू समजावून पाहिली. म्हातारी ऐकते कुठली! त्या दिवशी ‘आय गो’ म्हणालेलं एकेक पोरगं तिनं माघारी बोलावून गूळ-पाणी दिलं. दुसऱ्या दिवसापासून अख्खी शिकवणी मुद्दाम घसा फोडून ‘आय गो’ म्हणू लागली. गुळाची भेली आठवड्यात संपली तेव्हा सरांच्या बायकोनं, कोकिळानं, हात जोडले. शेवटी पोरांनीच मधला मार्ग काढला. निघताना म्हणायची, “सर, आय गो अँड कम.” सरांनी तो बिनबोभाट पास केला. यात सरांचं व्याकरणही राहिलं आणि म्हातारीची आणही राहिली.

आता ज्या बाईसाठी हे सगळं सांगतोय तिच्याकडे येतो. सरांची धाकटी बहीण, दगडीबाई. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून नजर लागू नये असं नाव ठेवलेलं. आईचं नाव भिकू, लेकीचं दगडी. त्या घरातल्या बायकांची नावं ऐकून यमानंही कंटाळून पाय मागे घ्यावा अशी. दगडी नावाप्रमाणेच टणक निघाली, आणि अमळनेरकडच्या एका खेड्यात तिला दिली.

खानदेशात लेकीबाळींचा सण कोणता, तर आखाजी. बाकीचा महाराष्ट्र तिला अक्षय्य तृतीया म्हणतो, सोनं बिनं घेतो. आमच्याकडे सासुरवाशिणी त्या दिवशी माहेरी असल्या पाहिजेत. निंबाला झोके लागतात, गौराईची गाणी होतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो, आणि घरातून गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात. पण लेक आपली आपण पिशवी उचलून येत नाही. तिला आणायला माहेरचा कोणीतरी जावा लागतो. तो मुऱ्हाळी. मुऱ्हाळी आला नाही तर लेक उंबऱ्यातून रस्त्याकडे बघत राहते आणि शेजारच्या बायका तिच्याकडे बघत राहतात.

मोतीलाल पहिल्यांदा मुऱ्हाळी गेला तेव्हा धुळ्याला कॉलेजात होता. ओठांवर नुकती मिसरूड फुटलेली, इस्त्रीचा शर्ट, पायांत नवे बूट. अमळनेरहून पुढे गाडी नाही. भर वैशाखात तो बुटांनी पाय सोलून घेत चालत गेला. दगडीची सासू मोठी खमकी. तिनं त्याला खाटेवर बसवलं, जेवू घातलं, झोप म्हणाली, चहा दिला, गावातल्या कुणाकुणाच्या ओळखी सांगितल्या, फक्त लेकीचं नाव काढलं नाही. मुऱ्हाळ्याला असं टांगून ठेवायची रीतच होती, मागितलं आणि लगेच धाडलं तर सुनेची किंमत ती काय! दगडी दाराआड उभी. तिचं गाठोडं तिच्या पायाशी बांधून तयार असलेलं मोतीलालला फटीतून दिसत होतं. उन्हं कलली तेव्हा सासू म्हणाली, “लई जाय बाबा तुन्ही बहीन.” परवानगी मिळाली तशी दगडीनं गाठोडं उचललं आणि भावाच्याही पुढे चालू लागली.

आणि मग एसटी. सासरी जी पोरगी ‘हो’ आणि ‘नई’ यापलीकडे बोलत नव्हती, ती अमळनेरच्या स्टँडवर जी सुरू झाली ती धुळं आलं तरी थांबेना. सासूची नक्कल, दिराचं घोरणं, जावेची मोजून वाढायची भाकरी. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचं सोडून ऐकायला लागला. मोतीलालला तेव्हा बहिणीची थोडी लाजच वाटली होती. आता ती आठवण आली की त्यांना त्या गाडीत पुन्हा बसावंसं वाटतं, त्याच सीटवर, तेच चावणारे बूट घालून.

आई गेली त्या वर्षी दगडीनं निरोप पाठवला, आते कसाले त्रास. कोकिळानं तो ऐकला आणि नवऱ्याला म्हणाली, “आई गयी, मी शे ना? मुऱ्हाळी धाडा.” त्यानंतर एक आखाजी चुकली नाही. कधी सर जायचे, सरांना जमलं नाही तर लहानगा जितेंद्र मामेभावासोबत जायचा. घरातल्या माणसांतलं कोणीतरी गेलंच. दगडीबाईचे केस पिकले, ती स्वतः सासू झाली, नातवंडं झाली, तरी आखाजी आली की ती पिशवी भरून मुऱ्हाळ्याची वाट बघायची.

गेल्या पावसाळ्यात कोकिळा गेली. दिवाळीनंतर सर न्हाणीत घसरले, मांडीचं हाड मोडलं. जितेंद्र धुळ्याला जिल्हा परिषदेत नोकरीला. तो आला, ऑपरेशन झालं, आणि आबांना त्यानं परस्पर धुळ्यातल्या देवपूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. पिंपळनेरच्या घराला कुलूप लागलं. यात कोणाची चूक काढणार? पोरगा चांगला, सून हेमलता त्याहून चांगली. पथ्याचं वेगळं करायची, पाय शेकून द्यायची. सरांचाच जीव तिथे लागत नव्हता. सोफ्याच्या कडेवर बसायचे, पंखा लावायचा तर विचारायचे. हेमलता एकदा वैतागून म्हणाली, “आबा, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं काय बसता? नीट टेकून बसा ना.” सर टेकून बसले, आणि ती आत गेल्यावर पुन्हा पुढे सरकले.

आखाजी जवळ आली तसा सरांनी बहिणीला फोन केला. यंदा कोकिळाची पहिली घागर. नणंद नसेल तर ती घागर भरायची कोणी? सर म्हणाले, “यंदा आखाजीले जितूकडे जाजो, दगडी. धुळं तुले जवळ पडस.”

पलीकडून आलं एवढंच, “दखू.” म्हणजे बघू. आणि फोन बंद.

सरांना वाटलं, रेंज गेली असेल.

जितेंद्रला मार्च संपल्यावरही कामातून डोकं वर काढायला उसंत नव्हती. त्यानं आखाजीच्या दोन दिवस आधी ओळखीतली गाडी सांगितली, ड्रायव्हरसह, एसीवाली. उन्हाचं आत्यानं एसटीत कशाला शिजायचं, हा त्याचा विचार. विचार वाईट होता असं कोण म्हणेल? गाडी सकाळी गेली आणि दुपारी परत आली. हेमलता भाकरतुकडा ओवाळायला घेऊन खाली गेली तर मागच्या सीटवर कुरडयांचा डबा, भोपळ्याचं एक मोठं डांगर, आणि बाकी सीट रिकामी.

ड्रायव्हर बिचारा मान खाली घालून निरोप सांगू लागला. “बाई म्हणाल्या, गाडी चांगली शे, थंडगार शे. मले चहा दिला, जेवू घातलं. अन् म्हणाल्या, भाऊले सांगजो, गाडी उनी, मुऱ्हाळी कोठे शे? मन्हा माहेरमा आते कोनी उरनं नई का?”

जितेंद्र संध्याकाळी घरी आला आणि हे ऐकून चिडला. “आता काय पालखी पाठवू? आत्याला वय झाल्यावर हट्ट सुचतात.” हेमलता चिडली नाही, पण तिला लागलं. डांगर ओट्यावर ठेवत ती म्हणाली, “म्हणजे हे घर त्यांचं नाही असंच ना?” सर सोफ्याच्या कडेवर बसून होते. त्यांना माहीत होतं, हा हट्ट नव्हे. दगडी घाबरली होती. बाईचं माहेर संपतं ते एका दिवसात संपत नाही, ते असं हळूहळू संपतं. आधी आई जाते, मग भावजय जाते, मग घराला कुलूप लागतं, आणि मग एका आखाजीला ड्रायव्हर येतो. या वर्षी ती आली नाही तर पुढच्या वर्षी कोणी बोलावणारही नाही, हे सरांना लख्ख दिसलं.

सकाळी ते धोतर-सदरा घालून, काठी घेऊन दारात उभे राहिले.

“कुठे निघालात आबा?” हेमलतानं विचारलं.

“अमळनेरकडे. मुऱ्हाळी.”

“त्या पायानं? एसटीनं? हे रागावतील माझ्यावर!”

“त्याला सांग, म्हातारा ऐकत नाही. खोटं नाही ते.”

हेमलतानं एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन टोपी, पाण्याची बाटली आणि कांदा आणला. कांदा खिशात ठेवा, ऊन लागत नाही, म्हणाली. खाली रिक्षात बसवून देईपर्यंत ती सोबत होती.

धुळ्याच्या स्टँडवर अमळनेर गाडीचा कंडक्टर सरांना हात देऊन वर घेऊ लागला आणि मध्येच थांबला. “कमगो सर ना तुम्ही? मी प्रेमराज सर, शेवटच्या बाकावरचा!” शेवटच्या बाकावरचे सगळे प्रेमराज सरांना आता आठवेनात, पण त्यांनी मान डोलावली. प्रेमराजनं त्यांना पुढची खिडकीची जागा करून दिली, आणि गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात, आयुष्यभराचं शिक्षण पणाला लावून विचारलं, “सर, यू आर कमिंग ऑर गोइंग?”

सर हसले. “बहीनले लेवाले जाय राहिनू रे.”

“मग तं आखाजीना मुऱ्हाळी शेतस तुम्ही!” प्रेमराजनं बेल मारली.

गाडी पांझरेच्या पुलावरून गेली. नदीत पाणी नव्हतं, वाळूत पोरं क्रिकेट खेळत होती. प्रेमराजचा प्रश्न सरांच्या डोक्यातून जाईना. गमतीनं विचारलेला प्रश्न, पण त्यांना त्या फोनची आठवण झाली. आपण दगडीला काय म्हणालो? जितूकडे जाजो. जाजो! धुळ्याच्या घरात बसून, त्याच घरी बहिणीला बोलावताना, ‘ये’ म्हणायच्या जागी ‘जा’ म्हणालो. सगळी हयात ज्यानं पोरांना निंबाखाली उभं करून हा फरक शिकवला, त्याच्या तोंडून असं निघावं? पोराच्या वहीत असती तर लाल रेघ मारली असती. पण ही चूक जिभेची नव्हती, हे सरांना कळत होतं. ते धुळ्यात होतेच कुठे? देह सोफ्यावर होता, जीव पिंपळनेरच्या ओट्यावर. तिकडच्या टोकाला उभा राहून ‘ये’ म्हणणारा माणूस त्या घरात नव्हताच. मग दगडी कशाला येईल, आणि कुणाकडे?

अमळनेरहून आता पुढे गावापर्यंत रिक्षा जाते. घराच्या अंगणात दगडीबाईची सून ललिता खाटेवर कुरडया वाळत घालत होती. “मामा!” म्हणून ती उठली, तशी आतून दगडीबाई बाहेर आली. भावाला काठीवर उभा पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“आरे, मोडेल पाय लिसनी उना का तू? उन्हमा? अक्कल शे का नई तुले?” ओरडत ओरडत तिनं त्याला हाताला धरून खाटेवर बसवलं, कुरडया एका बाजूला लोटल्या. ललितानं पाणी आणलं. सर पाणी प्यायले आणि म्हणाले, “चाल.”

दगडीबाई खाली जमिनीवर बसली. पदरानं तोंड पुसलं. “कोठे चालू, भाऊ? पिंपळनेरले तं कुलूप शे.”

“धुळे.”

“ते जितूनं घर शे. चांगलं शे, मी नई म्हनत नई. पन तुन्हं नई ना ते.”

सरांनी समजूत घालायचं काहीतरी वाक्य जुळवून आणलं होतं, बसमध्ये बसून. मुलाचं ते बापाचं, वगैरे. ते त्यांच्या ओठांशी आलं आणि फिरलं. त्या अंगणात, त्या खाटेवर ते वाक्य खोटं वाटलं असतं.

“मन्हंबी नई वाटस ते, दगडी,” ते म्हणाले. “सहा महिना व्हई गयात. पाहुनासारखा बठस मी तठे. जितू काय कमी करत नई, सून तं लाख शे. पन कोकिळा गयी, गाव सुटनं. माले घरच नई राहिनं.” त्यांचा आवाज फुटला. पोरांवर ओरडून तयार झालेला तो आवाज असा फुटलेला दगडीबाईनं आईच्या तिरडीशेजारीसुद्धा ऐकला नव्हता. “तू ये. तू येशी तवय ते मन्हं घर व्हई.”

ललिता मान फिरवून कुरडयांशी चाळा करू लागली. दगडीबाई बराच वेळ भावाच्या पायांकडे बघत बसली. आपलं माहेर गेलं एवढंच ती गेले महिनाभर धरून बसली होती. आपल्याआधी भावाचंच घर गेलंय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हातारी उठली. “पिशवी भरस,” एवढंच म्हणाली.

ललितानं डोळे पुसले आणि तोंडावर खोटा राग आणला. घरातली सासू निघालेली, तेव्हा टांगून ठेवायचं काम आता सुनेकडे आलं होतं. “आसं नई जमाव मामा. जेवन करा, झोपा, मंग दखू धाडानं का नई. आनि आठ दिनथून जास्ती ठेवानं नई, सांगी ठेवस.” तिनं दोघांना जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. दगडीबाईचा मुलगा समाधान शेतातून आला, मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडतो म्हणाला, मग मामांचा पाय पाहून त्यानं रिक्षाच आणली.

एसटी अमळनेरच्या स्टँडमधून बाहेर पडली आणि दगडीबाईनं तोंड उघडलं. समाधानचं बोअर, ललिताच्या माहेरची भानगड, गावातल्या सरपंचाच्या बायकोची दातांची नवी कवळी. मध्येच कोकिळाची आठवण निघाली. दोघंही रडली. रडता रडता कोकिळा एकदा गौराईच्या गाण्यात कशी चुकली होती ते दगडीबाईनं म्हणून दाखवलं, आणि दोघं हसायला लागली. समोरच्या सीटवरची पोरगी कानांतली बटणं काढून ऐकू लागली. सरांना या खेपेला अजिबात लाज वाटली नाही.

फ्लॅटच्या दारात हेमलता भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उभी होती. “या, आत्या,” ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी धास्ती होती. दगडीबाईनं ओवाळून घेतलं, आत आली, घरभर फिरली. स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, “हई घागर कोठे ठेवशी? पूर्वले ठेव. आनि खापर नई का? खापर नसताना मांडे कशावर करशी, माय?” हेमलतानं शेजारच्या पाटील काकूंकडून खापर आणून ठेवलं होतं. ते पाहिल्यावर म्हातारीनं सुनेच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

“आत्या, तुम्ही दमलात. आतल्या खोलीत एसी लावते, चादर घालते, आडवं व्हा जरा,” म्हणत हेमलता आत गेली.

ती चादर घेऊन बाहेर आली तोवर दगडीबाई हॉलच्या मध्यावर, उघड्या फरशीवर, हात उशाला घेऊन गाढ झोपली होती. पदर एकीकडे, पाय एकीकडे, तोंड अर्धं उघडं.

“अगंबाई, इथेच? उठवू का आबा? खाली नुसत्या फरशीवर...”

“राहू दे,” सर हलक्या आवाजात म्हणाले. “सासरी ही दिवसा कधी आडवी होत नाही. तरणी होती तेव्हा सासूच्या धाकानं, आणि आता स्वतः सासू आहे म्हणून. वर्षातून एकदा, आखाजीला आली की अशी पडते. आईला मग कावळ्याचाही आवाज खपत नसे.”

हेमलता चादर हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं ती अलगद आत्याच्या पायांवर टाकली आणि पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेली. सरांनी टीव्हीचं बटण बंद केलं. जितेंद्रची यायची वेळ झाली होती, आणि तो आला की बेलवर बोट ठेवून उभा राहतो. सरांनी एक खुर्ची धरली, काठी बगलेत धरून ती हळूहळू सरकवत नेली, आणि दार किलकिलं करून त्याच्याशी टेकून बसले, कोणी आलं तर बेल वाजायच्या आधी त्याला हातानं आत घेता यावं म्हणून.